व्हाया येरळी

आमच्या गावाच्या नावात जळ आहे, पण आम्ही ते तोंडातसुद्धा टिकू देत नाही. वऱ्हाडी जिभेला ळ मानवत नाही. तिच्यावर आला की त्याचा य होतो. त्यामुळे जळगावचं झालं जयगाव, आणि जळ गेलं ते गेलंच. उरलं जामोद. ते शेजारच्या गावाचं नाव, पण आम्ही ते घट्ट धरून आहोत. कारण ते लावलं नाही तर आमची पत्रं, आमची पार्सलं आणि एकदा तर माझ्या पुतणीला पाहायला निघालेले पाहुणे थेट खानदेशातल्या जळगावला जाऊन पोचले होते. तिथे त्यांना दुसरीच मुलगी पसंत पडली, तो भाग वेगळा.

अशा गावातल्या माणसाने क्रूझवर जावं असं कोणाच्या पत्रिकेत नसतं. माझ्या पत्रिकेत तर 'जलापासून भय' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय, आणि आमच्या घरी त्याचा अर्थ सगळे 'नळाची वाट पाहून जीव जाईल' असा लावत आले. पण पुण्याच्या भाच्याने केरळातून व्हिडिओ पाठवला. वेंबनाडचं अफाट तळं, त्यात लाकडाची झुलती हाउसबोट, वर वेताचं छप्पर, खुर्चीत भाचा, भाच्याच्या हातात नारळ. "मामा, आधी एवढं मोठं तळं पार केलं, आणि मग हळूच नदीत शिरलो!" असं तो वाऱ्याशी झगडत ओरडत होता.

बायकोने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. चौथ्यांदा आवाज बंद करून पाहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला इतकं कळलंय की ही बोलते तोवर काळजी नसते. मी गुपचूप दोघांच्या जाण्या-येण्या-राहण्याचा आकडा कागदावर काढला, कागदाची चार वेळा घडी घातली आणि म्हणालो,

"तयं पार करून नदीत शिराचं ना? मंग त्याच्यासाठी केरळ कायले पाह्यजे?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. झोपेतून उठवून कोणी तापीची उपनदी विचारली तर डोळे न उघडता पूर्णा म्हणेन. पूर्णा बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडत पश्चिमेला जाते आणि मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव इथे तापीला मिळते. संगमाच्या खाली हतनूरचं धरण आहे. त्याचं पाणी मागे पसरतं ते संगम गिळून दोन्ही नद्यांच्या पात्रांत वर चढतं. म्हणजे चांगदेवच्या काठावर नावेत बसलं, तळं पार केलं, की समोर पूर्णा. हुबेहूब केरळ, फक्त नारळ नाही. हा संगम मी फळ्यावर निळ्या खडूने किमान बत्तीस वेळा काढलेला आहे. प्रत्यक्षात पाहिला नव्हता, हे खरं. पण भूगोलाच्या मास्तराचं तसंच असतं. टुंड्रा तरी मी कुठे पाहिलाय?

"अन् आपल्याच जिल्ह्यात नाई का असं?" बायकोने विचारलं.

आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. जगभरातले शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. २०२० मध्ये एकदा ते गुलाबीही होऊन दाखवलं. पण ते पडलं उल्केच्या खड्ड्यातलं खारं तळं. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. दुसरं तळं व्हायचंय. नांदुरा तालुक्यात जिगावला पूर्णेवर धरण बांधून राह्यले आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा ते होणार होतं, निवृत्त झालो तेव्हाही होऊन राह्यलं होतं. मधल्या काळात त्याचा खर्च शेकड्यातल्या कोटींवरून हजारातल्या कोटींवर गेला. वऱ्हाडीतलं हे 'होऊन राह्यलं' इतकं लांब ताणता येतं हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून कधी कळलं नसतं. अर्थात ज्यांची घरंदारं त्या तळ्याखाली जाणार आहेत, त्यांच्यापुढे हा विनोद मी करत नाही.

ठरलं. संक्रांत झाली की जायचं. भाचा आणि त्याची बायको सुट्टीला येणारच होते. माझा साळा, ज्याचं वावर पूर्णेच्या काठाला आहे, तो आपण होऊन आला. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या 'मले कोण नेते बाप्पा' असं म्हणत सगळ्यांच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसली.

आत्याच्या येण्याला एक कारण होतं. आमच्या घरात नौकानयनाची तज्ज्ञ तीच. इकडच्या कोणालाही बोटीबद्दल जे काही माहीत असतं ते 'गजानन विजय'च्या चौदाव्या अध्यायातून. शेगावचे महाराज सोमवतीला भक्तांबरोबर ओंकारेश्वरी नर्मदेत नावेत बसतात, नाव खडकावर आपटून तळाला भोक पडतं, मंडळींच्या तोंडचं पाणी पळतं, आणि नर्मदामाई स्वतः कोळिणीच्या रूपाने भोकाला हात लावून नाव काठाला आणते. एकवीस अध्यायांची पारायणं आत्याने किती केली याचा हिशेब नाही. त्यामुळे आमच्या घरी नाव म्हटली की पहिला प्रश्न 'किती माणसं बसतात' असा नसतो. 'भोक कुठी पडीन' असा असतो.

"कोणाले पोयता येते का?" मी बैठक घेऊन विचारलं.

पुण्याच्या सूनबाईने हात वर केला. ती पुण्यात तरणतलावात शिकलेली होती. बाकी आम्ही पाच जण सातपुड्याकडे बघत बसलो. खारपाणपट्ट्यात पोहायला शिकणार कुठे? पूर्णेच्या दोन्ही अंगांना, तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. इथे विहीर खणली की पाणी लागतं. त्याचा आनंद पहिला घोट घेईपर्यंत टिकतो. वानच्या हनुमान सागरातून १४० गावांची योजना झाली तेव्हा तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना चहाची खरी चव कळली असं म्हणतात. पंचांगाला तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी पाच अंगं असतात. आमच्याकडे सहावं असतं, ते म्हणजे नळ. पाणी हे साठवायचं, झाकायचं, मोजायचं, शेजारणीला दाखवायचं नाही, अशा संस्कारात वाढलेला माणूस त्यात उडी कशी मारेल?

एकदाच पाणी आपण होऊन आलं, २२ जुलै २०२३ ला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत. एका रात्रीत वावरं खरवडून गेली, घरात गाळ राहिला. त्या दिवसावर मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

निघायच्या दिवशी गाडीत सामान भरताना भाचा गप्प झाला. कळण्याच्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, शेवेची पुडी, सतरंजी, हे त्याला समजत होतं. पण मागच्या सीटवर साळ्याने दोन जार चढवले. वीस-वीस लिटरचे.

"मामा, आपण तलावावर चाललोय."

"म्हणूनच."

"तिथे पाणीच पाणी आहे!"

"पाणी अशीन," साळा म्हणाला, "पण पेयाचं कुठी हाय?" यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. खारपाणपट्ट्यातला माणूस स्वर्गात गेला तरी आधी तिथल्या पाण्याचा टीडीएस विचारेल.

आमच्या सफरीचा पहिला टप्पा येरळी. नांदुऱ्याच्या वाटेवर येरळीला पूर्णेचा पूल आहे. जळगाव जामोदच्या माणसाचा आणि पूर्णेचा संबंध एवढाच: हा पूल. लग्नाला निघा, दवाखान्यात निघा, नांदुऱ्याला रेल्वे पकडायला निघा, पूल आला की गाडीतल्या बायका नाणं काढतात, कपाळाला लावतात आणि खिडकीतून टाकतात. मी बालवाडीपासून टाकत आलोय. पूर्वी पाच पैसे, मग चार आणे, आठ आणे, रुपया. महागाईचा अभ्यास करायचा तर येरळीच्या पुलाखाली करावा. नदीत पाणी असो-नसो, नाणं पडतंच. उन्हाळ्यात ते वाळूवर पडतं आणि पोरं वेचतात, तेही पुण्यच.

आत्याने रुपया टाकला. बायकोने रुपया टाकला. सूनबाईने पर्स उघडून दहाचं नाणं टाकलं.

"दहाचं?" आत्या हादरली.

"इकडे दुकानदार घेत नाहीत हो ते," सूनबाई म्हणाली. नदीने घेतलं.

पुढे नांदुऱ्याला हायवेवर एकशे पाच फुटी मारुती आहे. त्याला गाडीतूनच नमस्कार करावा लागतो, कारण जवळ गेलं की पायाच दिसतात. मग मलकापूर, मग मुक्ताईनगर. त्याला आत्या अजून एदलाबादच म्हणते. ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या या वाटेत साळ्याने आठ वेळा तरी विचारलं असेल, "भाऊजी, पूर्णा आता कोणीकडून चालून राह्यली?" आणि मी आठही वेळा आत्मविश्वासाने उजवीकडे बोट दाखवलं. मुक्ताईनगरजवळ ती डावीकडून आली.

चांगदेवला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. देऊळ पाहण्यासारखं आहे: काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, पुरातत्त्व खात्याने जपलेलं. पण मला तिथे सगळ्यात जास्त आठवला तो चांगदेवांचा कोरा कागद. चौदाशे वर्षं वय, योगाच्या बळावर काळाला परतवलेला, आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, या घोळात कागद कोराच पाठवला. तो पाहून एवढीशी मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. बत्तीस वर्षं कोरे पेपर तपासलेल्या माणसाला या गोष्टीतलं दुःख जास्त कळतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही त्या कोऱ्या कागदाच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळाल्या नाहीत. छड्या मिळाल्या.

शिवाय या संतांचा वाहतुकीचा इतिहासच विलक्षण. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन भेटीला निघाले. ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून सामोरे गेले. आणि मुक्ताई १२९७ मध्ये इथूनच जवळ मेहूणला तापीच्या काठी विजेच्या लोळात गुप्त झाली. वाघ, भिंत, वीज. इतकं मोठं पाणी समोर असून नाव कोणी वापरल्याचं ऐकिवात नाही. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते शहाणे होते म्हणून."

नावाडी पायरीवर बिडी ओढत बसला होता. आमच्याकडे बघून त्याने ओळखलं की ही माणसं पाण्याची नाहीत. ते बहुधा जारवरून कळलं असावं.

"काय घेता हो नावेचं?"

"कुठी जायाचं?"

"पूर्णेत."

"मंग तयाहून तोंडापर्यंत नेतो. माणशी तीनशे."

"तीनशे?" साळा म्हणाला. "अरे बापू, पूर्णा आमची हाय."

"पूर्णा तुमची, पण इंजन माझं ना भाऊ," नावाडी म्हणाला. दीडशेवर तुटलं. त्यात जारचे वेगळे घेतले नाहीत, पण वजनाने ते दोन जार म्हणजे आणखी एक माणूस, हे त्याने दोनदा बोलून दाखवलं.

लाईफ जॅकेटं होती, केशरी रंगाची. आत्याने नऊवारीवर जॅकेट चढवलं, आरशात पाहावं तसं मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "निवडणुकीले उभी राह्यल्यासारखी दिसतो मी." ती पुढे बसली, हात जोडून. तिचं 'गण गण' सुरू झालं आणि नजर नावेच्या तळाशी लागली. पुढचा बराच वेळ तिने आकाश, पाणी, काठ यातलं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती भोकावर पाळत ठेवून होती.

मागे इंजन धडधडलं आणि साळा चमकून उठला. "भाऊजी, हे तं आपलं विहिरीवरचं इंजन!" खरंच तेच होतं, तीच कंपनी, तसंच काळं तेल ओकणारं. आमच्याकडे हे इंजन पाणी ओढतं. इथे पाणी त्याला ओढून नेत होतं. साळा त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू गावातला एखादा माणूस मुंबईत चांगल्या नोकरीवर भेटावा.

काठ सुटला. आणि मग जे झालं त्याची माझी तयारी नव्हती. पाणी चारी बाजूंनी आलं. मी पाणी आजवर नेहमी वरून पाहत आलो: विहिरीवरून, पुलावरून, हौदावरून. वरून पाहिलेलं पाणी ही वस्तू असते. त्याच्या पातळीवर बसलं की आपण वस्तू होतो. बायको हात पाण्यात घालून बसली होती, बांगड्यांपर्यंत. एरवी घरात नळाखाली चूळ जास्त वेळ भरली तरी ओरडणारी ही बाई. मी काही बोललो नाही.

धरणाने मागे पसरलेल्या पाण्याला मराठीत फुगवटा म्हणतात. हा शब्द मी तोपर्यंत फक्त पोटाच्या तक्रारीत वापरला होता. पण तो इतका नेमका आहे की कोणी योजला त्याला पासष्ट ओव्या द्याव्यात. नदी इथे जेवून तट्ट फुगून पडलेली असते. हलत नाही, डुलकी घेते. धरणाला एक्केचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की आमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, आणि आम्ही ती कोरड्या हौदाच्या कडेला बसून वाचतो. त्या बातमीत वाहून जाणारं बरंचसं पाणी आमच्याच डोक्यावर पडलेलं असतं.

"इथलं पाणी कुठं कुठं जातं?" भाच्याने विचारलं.

हा माझा विषय. मी सांगितलं: भुसावळच्या बाजूला, वरणगावच्या आयुध कारखान्याला, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला.

"म्हणजे," साळा हिशेब करत म्हणाला, "आपली नदी इथी येते, तिची वीज होते, ते वीज तारेनं परत आपल्या वावरात येते, अन् आपण त्या विजेवर मोटर लावून पूर्णेतून पाणी काढतो?"

"हो."

"मंग जाऊच काऊन देल्ली?"

बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मी दूर पक्षी दाखवले.

पक्षी मात्र खरोखर होते. हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर हजारो किलोमीटरवरून पाहुणे येतात. भगवे चक्रवाक जोडीने बसले होते. ते हिमालयापलीकडून येतात आणि इथे येऊन नुसते बसतात, आमच्या जावयांसारखे. आणि पाण्यावर काळ्या पक्ष्यांची एक दिंडीच्या दिंडी चालली होती, प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र टिळा.

"यायले काय म्हणतात हो?" बायकोने विचारलं.

"वारकरी," नावाडी म्हणाला.

आत्याने पहिल्यांदाच भोकावरची नजर काढली. मुक्ताईच्या गावात काळे, टिळा लावलेले, रांगेने चाललेले वारकरी बघून तिने त्यांना मनापासून हात जोडले. पुस्तकात त्या पक्ष्याचं नाव खरंच वारकरी आहे. ज्याने ठेवलं तो माणूस बोटीत आत्याच्या शेजारी बसायच्या लायकीचा होता.

एवढ्यात इंजन खोकललं, एकदा शिंकलं आणि बंद पडलं. शांतता इतकी पडली की आत्याच्या माळेचे मणी ऐकू आले.

"भोक?" तिने विचारलं.

"नाही हो आजी, कचरा अडकला," नावाडी म्हणाला. त्याने लांब बांबू उचलला आणि पाण्यात खोचला. बांबू जातच राहिला, जातच राहिला, आणि मग थांबला नाही तर मंदावला. "इथी पाणी जास्त नाही. खाली निरी गाय हाय."

सूनबाई किंचाळली. "गाय? पाण्यात? कधी पडली?"

"कधीपासूनच हाय," नावाडी शांतपणे म्हणाला. "दरवर्षी येते. पावसाळ्यात जास्त."

"आणि कोणी काढत नाही?"

"एवढी काढायची म्हणजे सरकारच पाह्यजे."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाच्याने मग तिला समजावलं की वऱ्हाडात आणि इकडेही ळचा य होतो, आणि खाली आहे ती गाय नसून गाळ आहे. "मग तसं बोला ना!" ती म्हणाली. पण आम्ही तसंच तर बोलत होतो.

नावाडी बांबूने नाव ढकलत होता. बांबू वर आला की त्याच्या टोकाला काळाभोर चिखल लागलेला असे. साळ्याने एकदा तो दोन बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. त्याचा चेहरा बदलला.

"भाऊजी, हे आपली माती हाय."

"कशावरून?"

"मी पन्नास वर्षं ह्या मातीत हाय, मले इचारता कशावरून?" त्याने बोट माझ्यापुढे धरलं. "दोन वर्षांमांगं माह्या वावराचा कोपरा गेला ना वाहून? येरळीच्या पुलाखालून गेला, हे पाह्यलं होतं लोकाईनं. इथी येऊन बसला." तो पाण्याकडे असा बघत होता, जणू आपली बैलजोडी दुसऱ्याच्या गोठ्यात सापडावी. त्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन अजून त्याच्या नावाने आहे. ताबा मात्र हतनूरकडे. मी मास्तर म्हणून सांगू शकलो असतो की नद्या गाळ आणतात, धरणं गाळाने भरत जातात, हतनूर बरंच भरलंय. ते सगळं मी फळ्यावर शिकवलं होतं. पण गाळ म्हणजे कोणाचं तरी वावर, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

"पूर्णा कुठे सुरू होते?" मी विषय बदलत नावाड्याला विचारलं. माझ्या नकाशात तिथे दोन निळ्या रेघा मिळून एक रेघ होते. इथे सगळं एकच पाणी होतं, एकाच रंगाचं, रेघ कुठेच नाही. मी मान इकडून तिकडे वळवून संगम शोधत होतो. बत्तीस वेळा काढलेला संगम.

"तुम्ही सांगा, तुम्ही मास्तर," नावाडी म्हणाला.

मी डावीकडे बोट केलं. तो हसला. "ते तापी. ते बऱ्हाणपुराकडून येई राहिली." मग त्याने बांबू माझ्या हातात दिला. "आता टोचा. तापीत बांबू वाजतो. पूर्णेत मुरतो."

मी बांबू टोचला. खट्. नाव थोडी सरकली. पुन्हा टोचला. खट्. आणखी पुढे. मग एकदा टोचला आणि काही आवाजच आला नाही. हात कोपरापर्यंत खाली गेला, आणि खालून कोणी तरी मऊ हाताने बांबू धरून ठेवल्यासारखं वाटलं.

"आलो," नावाडी म्हणाला. "पूर्णा."

काठ जवळ आले होते, दोन्हीकडे. बाभळी, बगळे, एक म्हैस. समोर पाणी अरुंद होत वळणामागे जात होतं. त्या वळणामागे मलकापूर होतं, त्याच्या मागे नांदुरा तालुका, येरळी, साळ्याचं वावर. आम्ही सगळे तिकडे तोंड करून बसलो होतो, म्हणजे घराकडे. सकाळपासून घरापासून लांब लांब जाऊन आम्ही घराच्या तोंडाशी आलो होतो.

"इथून सरकं गेलं तं आपलं जयगाव?" बायकोने विचारलं.

"जा ना ताई," नावाडी म्हणाला. "पण पुढी पुढी पाणी कमी होत जाते. शेवटी नाव डोक्यावर घेऊन चालावं लागीन."

आत्याने पाण्याला नमस्कार केला, भोकाची पाळत विसरून. मग पुढे वाकून तिने एक व्यवहारी प्रश्न विचारला. "बापू, आमी तिकडे पुलावरून पैसे टाकतो, ते येतात का रे इथी?"

"येत असतीन आजी."

"कुठी असतीन?"

"गायीत."

सूनबाई या वेळी हसली. ती वऱ्हाडी शिकली होती.

तिथेच नाव बाभळीला बांधून शिदोरी सोडली. पूर्णेत बसून, पूर्णेच्या काठच्या ज्वारी-उडदाच्या भाकरी, आणि प्यायला जारमधलं पाणी. नावाड्याने आमच्या जारचं पाणी प्यायलं, ओठ पुसले आणि "गोड हाय" म्हणाला. आमच्या गावच्या पाण्याला गोड म्हणणारा पहिला परका माणूस. ते आरओचं होतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. परतताना त्याने अर्धा जार मागून घेतला. भाड्यातून पन्नास कमी झाले. साळ्याने आयुष्यात पहिल्यांदा पाणी विकलं होतं. तो दिवसभर त्याच धुंदीत होता.

परतीला येरळीला संध्याकाळ झाली. आत्या जॅकेटासारखीच उशी पोटाशी धरून झोपली होती. भाचा केरळचे आणि चांगदेवचे फोटो शेजारी ठेवून बघत होता. खाली पूर्णा होती, पुलाच्या मानाने फार बारीक, तिरकस उन्हात एक लखलखती पट्टी. साळ्याने काच खाली केली आणि वाकून बघितलं, आपल्या वावराचा उरलेला भाग जागेवर आहे का ते.

बायकोने सवयीने पर्स उघडली, रुपया काढला, कपाळाला लावला. मग हात तसाच थांबला. तिने रुपया परत पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"काऊन?" मी विचारलं.

"देल्ले ना तिकडे नाववाल्याले," ती म्हणाली. "एका नदीले एका दिवशी दोनदा कायले?"